द्वारपालाचे दप्तर

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये वापरकर्त्यांची यादी दाखविणारे एक पान असते आणि त्या पानाच्या माथ्यावर कुलूप उघडण्याची विनंती करणारे एक बटण असते. नेहमीच्या स्थितीत ते दाबताच पडद्याच्या मध्यभागी पासवर्ड विचारणारी लहानशी चौकट उमटते, पासवर्ड बरोबर ठरला की तोवर फिकट व निश्चल दिसणारे पर्याय सजीव होतात, आणि संगणक सुरू होताच अमुक व्यक्तीस न विचारता आत घ्यावे की घेऊ नये, हे केवळ एक कळ सरकवून ठरविता येते. परंतु काही संगणकांवर हेच बटण कितीही वेळा दाबले तरी चौकट येत नाही, नकार येत नाही, कारणही कळत नाही. दोष बटणात नसतो, वापरणाराच्या हातात तर मुळीच नसतो. ज्या अधिकाऱ्याकडे ते बटण अर्ज पाठविते, तो अधिकारीच कचेरीत हजर नसतो.

त्या अधिकाऱ्याचे नाव पोलकिट. कोणत्या वापरकर्त्यास कोणते विशेषाधिकाराचे काम करू द्यावे याचा निर्णय देणारी ही एक सेवा आहे, आणि गेल्या दीड दशकात ती लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये इतकी मुरली आहे, की तिच्यावाचून प्रवेशाच्या नियमांना हात लावता येईल ही कल्पनाच पुष्कळांना सुचत नाही. वस्तुतः नियम एका ठिकाणी लिहिलेले असतात आणि ते बदलण्याची परवानगी दुसऱ्याच ठिकाणी मिळते. या दोन गोष्टी एकदा मनात वेगळ्या झाल्या, की मध्यस्थ नसतानाही मूळ दप्तरापर्यंत कसे पोहोचावे, हे समजण्यास फारसा आयास पडत नाही.

प्रथम द्वारपालाची ओळख करून घेऊ. यंत्र सुरू झाल्यापासून पहिल्या माणसाने आपली ओळख पटवून देईपर्यंत पडद्याचा ताबा ज्या कार्यक्रमाकडे असतो, त्यास डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. या जातीचा मूळपुरुष एक्सडीएम हा 1988 मध्ये एक्स विंडो प्रणालीच्या अकराव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनाबरोबर आला. त्याचा कर्ता कीथ पॅकार्ड. पुढे ग्नोमने आपला जीडीएम सिद्ध केला, केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपने एसडीडीएम पत्करला, आणि रॉबर्ट अँसेल यांनी कोणत्याही डेस्कटॉपशी बांधून न घेणारा लाइटडीएम रचला, ज्याचा उबुंटूने 2011 मध्ये स्वीकार केला व 2017 मध्ये पुन्हा जीडीएमकडे वळताना त्याग केला. हे सर्व द्वारपाल रूट या सर्वाधिकारी खात्याच्या सत्तेने उभे राहतात, कारण अजून आत न आलेल्या माणसास आत घेऊन त्याच्या नावाने काम सुरू करून देणे हे सर्वाधिकाऱ्यावाचून कोणालाच शक्य नसते. आणि त्यांच्या चालीरीती परस्परांहून कितीही भिन्न असल्या तरी एका बाबतीत ते एकमताचे आहेत, ती बाब म्हणजे आपले नियम साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवणे. ती फाइल ‘एट्सी’ नावाच्या दप्तरखान्यात असते, तिचा मालक रूट असतो, आणि तिच्यावर लिहिण्याचा हक्क मालकाखेरीज कोणासही नसतो.

म्हणून प्रश्न उरतो तो रूटच्या अधिकाराने एक ओळ लिहिण्याचा, आणि हा प्रश्न युनिक्सइतकाच जुना आहे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला, त्यात सर्व खाती क्रमांकांनी ओळखली जातात आणि शून्य क्रमांकाच्या खात्यापुढे कोणतेही कुलूप टिकत नाही. पण मग साध्या वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड तरी कसा बदलावा, कारण पासवर्डांची नोंदवही तर रूटच्या मालकीची? या अडचणीवर रिची यांनी योजिलेला उपाय अत्यंत मार्मिक होता. कार्यक्रमाच्या फाइलीवर त्यांनी एक चिन्ह ठेवले, ज्यास सेटयूआयडी असे नाव पडले. ते चिन्ह असलेला कार्यक्रम कोणीही चालविला तरी तो चालविणाराच्या नव्हे, तर मालकाच्या सत्तेने चालतो. आपल्याकडील व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर हे एखाद्या विश्वासू माणसाच्या नावे करून दिलेले कुलमुखत्यारपत्रच होय. या कल्पनेवर रिची यांना 1979 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. आजही पासवर्ड बदलणारा लिनक्सचा कार्यक्रम याच मुखत्यारीवर काम करतो, आणि 1980 च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशाल व क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलेला सूडो हा कार्यक्रमही याच चिन्हाच्या बळावर उभा आहे. सूडोची सुधारणा अशी, की संपूर्ण रूट होण्याऐवजी एकेका आज्ञेपुरते रूट होता येते, आणि कोणास कोणती आज्ञा द्यावी हे एका फाइलीत लिहून ठेवता येते.

तथापि सूडोच्या मागे एक उणीव राहिलीच. सूडो आज्ञा ओळखतो, हेतू ओळखत नाही. ‘या माणसास केवळ घड्याळाची वेळ बदलू द्यावी’ अथवा ‘संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्यास पेन ड्राइव्ह जोडू द्यावी, दुरून आलेल्यास देऊ नये’ असे सूक्ष्म भेद त्याच्या स्वभावात बसत नाहीत. शिवाय खिडक्यांचा आणि बटणांचा एक अवाढव्य कार्यक्रम संपूर्ण रूट म्हणून चालवावा लागणे हे एका दाखल्यासाठी खजिन्याच्या साऱ्या किल्ल्या कारकुनाच्या हाती देण्यासारखे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी रेड हॅट कंपनीतील डेव्हिड झॉयथेन यांनी पॉलिसीकिट रचले, ज्याचे 2009 मधील नवे रूप आज पोलकिट या नावाने ओळखले जाते.

त्याची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. सेटिंग्जच्या पानाने स्वयंचलित प्रवेशाची कळ सरकविली, की ते पान स्वतः कोणतीही फाइल उघडत नाही. डी-बस नावाच्या अंतर्गत टपालावरून ते अकाउंट्स सर्व्हिस या दुसऱ्या सेवेकडे निरोप धाडते, की अमुक खात्यास आपोआप प्रवेश द्यावा. ही सेवा रूटच्या सत्तेने चालते, तेव्हा लिहिण्याची शक्ती तिच्याजवळ असते. परंतु अर्जदारास तसा अधिकार आहे किंवा नाही हे ठरविण्याची जबाबदारी ती स्वतःवर घेत नाही. ती पोलकिटकडे रुजुवातीसाठी कागद पाठविते. पोलकिट आपल्या नियमांत पाहते: स्वतःचे छायाचित्र बदलण्यासारखे काम असेल तर समोर बसलेल्या वापरकर्त्यास सरळ होकार मिळतो, प्रवेशाचा नियम बदलण्यासारखे काम असेल तर ‘व्यवस्थापकाने ओळख पटवून द्यावी’ असा शेरा पडतो. मग डेस्कटॉपमधील एक प्रतिनिधी, ज्यास एजंट म्हणतात, ती पासवर्डाची चौकट पडद्यावर आणतो. उत्तर बरोबर आले की पोलकिटचा होकार अकाउंट्स सर्व्हिसकडे परत जातो. आणि या सर्व पत्रव्यवहाराच्या अखेरीस जीडीएमच्या फाइलीत फक्त दोन ओळी लिहिल्या जातात. दोन ओळींसाठी चार कार्यालयांचा हा प्रवास निरर्थक नाही, कारण यात पानास कधीच रूट व्हावे लागत नाही. परंतु या साखळीतील एक दुवा निखळला तर पान हतबल का होते, हेही यावरून स्पष्ट व्हावे.

दुवा निखळण्याचे प्रकार अनेक आहेत. जेंटूसारख्या वितरणात वापरकर्ता आपली प्रणाली स्वतः बांधतो व पोलकिट मुळातच वगळू शकतो. काही ठिकाणी पोलकिट जिवंत असते, पण आयथ्री किंवा ओपनबॉक्स यांसारखा केवळ खिडक्यांची मांडणी पाहणारा कार्यक्रम वापरात असल्यामुळे पासवर्ड विचारणारा एजंटच कोणी चालू केलेला नसतो. न्यायाधीश आहे, पण समन्स बजावणारा बेलीफ नाही, अशी ही अवस्था. आणि एसएसएचद्वारे दुरून आलेल्या माणसास पोलकिट समोर बसलेल्या माणसासारखे मानीत नाही, म्हणून घरच्या खुर्चीत बसून मिळणारा होकार त्यास दुरून मिळतोच असे नाही.

अशा वेळी मूळ फाइल उघडणे हाच सरळ मार्ग. एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथांची सूची पाहण्यासाठी ठेवलेला संगणक डोळ्यांसमोर आणू. तेथे येणाऱ्या प्रत्येक वाचकास पासवर्ड सांगत बसण्यापेक्षा ‘वाचक’ नावाचे मर्यादित खाते आपोआप उघडणे हेच योग्य. जीडीएमची फाइल उबुंटूमध्ये ‘एट्सी’मधील ‘जीडीएम-थ्री’ या कप्प्यात ‘कस्टम डॉट कॉन्फ’ या नावाने असते, फेडोरामध्ये कप्प्याचे नाव केवळ ‘जीडीएम’ असते, आणि डेबियनमध्ये फाइलीचे नाव ‘डीमन डॉट कॉन्फ’ असते. तीत चौकोनी कंसातील ‘डीमन’ या शीर्षकाखाली ‘ऑटोमॅटिक-लॉगिन-एनेबल’ या नावासमोर ‘ट्रू’ आणि ‘ऑटोमॅटिक-लॉगिन’ या नावासमोर खात्याचे नाव लिहावयाचे असते. फाइलीत ही नावे रोमन लिपीत, मधल्या रेघांवाचून एकजीव आणि लहानमोठ्या अक्षरांच्या ठरीव मांडणीने लिहिलेली असतात. पुष्कळदा त्या ओळी आधीच तेथे असतात व आरंभीच्या जाळीच्या चिन्हामुळे निद्रिस्त असतात, ते चिन्ह काढले की त्या जाग्या होतात. खात्याचे नाव म्हणजे पडद्यावर दिसणारे संपूर्ण नाव नव्हे, तर प्रणालीने नोंदविलेले लहान नाव, ही चूक नवशिक्यांकडून वारंवार होते. ताबडतोब प्रवेश नको, काही सेकंद वाट पाहून मग द्यावा, अशी इच्छा असल्यास ‘टाइम्ड-लॉगिन’ या तीन ओळींचा निराळा संच त्याच शीर्षकाखाली आहे.

फाइल उघडावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. खिडकीतला संपादक रूट म्हणून चालविण्याची जुनी सोय जीकेएसयू नावाने होती, ती डेबियनने 2018 मध्ये काढून टाकली. तिची जागा घेणारी पीकेएक्झेक ही आज्ञा पोलकिटचीच आहे, आणि फाइल-व्यवस्थापकातील ‘अ‍ॅडमिन’ हा पत्ताही पोलकिटच्याच उंबरठ्यावर नेऊन सोडतो. म्हणून टर्मिनल उघडून ‘सूडोएडिट’ ही आज्ञा वापरणे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे. ती मूळ फाइलीची तात्पुरती प्रत काढते, संपादक तुमच्याच साध्या खात्याच्या सत्तेने ती प्रत उघडतो, आणि तुम्ही जतन करून बाहेर पडल्यावरच बदललेला मजकूर मूळ जागी नेऊन ठेवला जातो. म्हणजे संपादकास क्षणभरही रूट व्हावे लागत नाही. ज्या उद्देशासाठी पोलकिट निर्माण झाले, त्याचा एक मोठा अंश येथे मध्यस्थावाचूनच साधतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लाइटडीएमची फाइल ‘लाइटडीएम डॉट कॉन्फ’, शीर्षक ‘सीट’ व त्यापुढे तारांकित चिन्ह, आणि ओळ ‘ऑटोलॉगिन-यूझर’. हा द्वारपाल अनेक फाइलींतून नियम गोळा करतो, तेव्हा अंतिमतः कोणता नियम लागू झाला हे पाहण्यासाठी ‘शो-कॉन्फिग’ हा पर्याय देऊन त्यालाच विचारावे. तो प्रत्येक नियम कोणत्या फाइलीतून आला तेही सांगतो. एसडीडीएमच्या फाइलीत ‘ऑटोलॉगिन’ या शीर्षकाखाली ‘यूझर’ आणि ‘सेशन’ या दोन ओळी पुरेशा होतात.

परंतु एका फाइलीत सारा कारभार सामावत नाही, आणि येथेच घाई करणाऱ्यांची फसगत होते. द्वारपाल कोणासही आत घेण्यापूर्वी पॅम या यंत्रणेचा कौल घेतो. सन मायक्रोसिस्टिम्समधील विपिन समर व चार्ली लाय यांनी 1995 मध्ये मांडलेल्या या योजनेमुळे ओळख पटविण्याचे नियम प्रत्येक कार्यक्रमातून काढून एका सामाईक कप्प्यात ठेवता आले. आर्च लिनक्सवर लाइटडीएमने आपोआप प्रवेश द्यावा यासाठी खाते ‘ऑटोलॉगिन’ या गटात असावे लागते, ते याच पॅमच्या अटीमुळे. उबुंटूमध्ये ‘नोपासवर्डलॉगिन’ या गटात घातलेल्या खात्यास यादीतील नावावर केवळ टिचकी मारून प्रवेश मिळतो, तोही पॅमच्या एका ओळीमुळे. खाते गटात घालणे हे सूडोसह ‘यूझरमॉड’ या आज्ञेने होते व पोलकिटची त्यास गरज नाही. आपोआप प्रवेश मिळाल्यावर काही वेळाने किरिंग नावाची तिजोरी पासवर्ड मागत उभी राहते, तेव्हा पुष्कळांना आपला बदल फसला असे वाटते. प्रत्यक्षात त्या तिजोरीची किल्ली म्हणजे प्रवेशाच्या वेळी टंकित केलेला पासवर्डच असतो, आणि तो कोणी टंकितच केला नाही तर तिजोरी उघडावी कशाने?

कोणाचे नाव यादीत दिसावे ही नोंद आणखी निराळ्या ठिकाणी असते. ‘व्हार’ या शाखेतील ‘लिब’ कप्प्यात अकाउंट्स सर्व्हिसचे दप्तर असून त्यात प्रत्येक खात्याच्या नावाची एकेक फाइल असते. तीत ‘सिस्टिम-अकाउंट’ या नावासमोर ‘ट्रू’ लिहिले की ते नाव प्रवेशाच्या पडद्यावरून अदृश्य होते, खाते मात्र शाबूत राहते. सारी यादीच झाकावयाची असेल, अथवा ‘हा संगणक वाचनालयाच्या सभासदांसाठी आहे’ असा फलक प्रवेशाच्या पडद्यावर लावावयाचा असेल, तर जीडीएमपुरते हे नियम डीकॉन्फ या संग्रहात जातात: फेडोरामध्ये ‘एट्सी’मधील डीकॉन्फच्या कप्प्यात एक लहान फाइल लिहून ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा द्यावी लागते, कारण डीकॉन्फ मजकूर थेट वाचीत नाही, त्यापासून तयार केलेला संकलित संग्रह वाचतो. ही आज्ञा विसरल्यामुळे ‘लिहिले, पण लागू झाले नाही’ अशी तक्रार करणारे मी अनेक पाहिले आहेत.

बदल अमलात आणण्यासाठी द्वारपालास पुन्हा सुरू करावे लागते, आणि त्याबरोबर त्याने आत घेतलेल्या सर्वांची चालू कामे तत्क्षणी संपतात. जतन न केलेला मजकूर नाहीसा होतो. संगणक सावकाश बंद करून पुन्हा सुरू करणे हेच उत्तम. ‘सिस्टिमसीटीएल’ आज्ञा वापरावयाचीच असेल तर ती सूडोसह द्यावी, कारण सूडोवाचून दिली असता तीही परवानगीसाठी पोलकिटकडेच धाव घेते. मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी. आणि चुकून द्वारपालच उभा राहीनासा झाला तर कंट्रोल, ऑल्ट व एफ-थ्री या कळा एकत्र दाबून अक्षरांच्या साध्या पडद्यावर जावे, तेथे नाव व पासवर्ड देऊन प्रवेश करावा आणि जुनी प्रत परत ठेवावी.

मध्यस्थ नसणे हे अधिक सुरक्षित की कमी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो, आणि गेल्या काही वर्षांतील इतिहास त्यावर पुष्कळ प्रकाश टाकतो. नोव्हेंबर 2020 मध्ये केव्हिन बॅकहाउस या संशोधकाने उबुंटूमधील एक विलक्षण दोष उघड केला. साध्या वापरकर्त्याने अकाउंट्स सर्व्हिसला न संपणाऱ्या वाचनात गुंतवून थोपवून धरले, की जीडीएमच्या प्रश्नास उत्तर देणारे कोणी उरत नसे. उत्तर नाही याचा अर्थ संगणकावर एकही खाते नाही असा त्याने घेतला, आणि नव्या कोऱ्या संगणकावर दिसणारा स्वागताचा पडदा दाखवून समोरच्या माणसास नवे व्यवस्थापक खाते निर्माण करू दिले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्यांनीच दाखवून दिले, की अकाउंट्स सर्व्हिसकडे नवे खाते मागणारा निरोप धाडून तो धाडणारा कार्यक्रम नेमक्या क्षणी मारून टाकला, तर अर्जदार कोण हे विचारावयास गेलेले पोलकिट गोंधळून त्या नाहीशा झालेल्या अर्जदारास रूट समजते. हा दोष सुमारे सात वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आणि 25 जानेवारी 2022 रोजी क्वालिस या संस्थेने पीकेएक्झेकमधील दोष प्रसिद्ध केला, जो 2009 मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून तेथे होता. दुरुस्ती येईपर्यंतचा उपाय म्हणून सांगितले गेले ते एवढेच, की पीकेएक्झेकच्या फाइलीवरील सेटयूआयडीचे चिन्ह काढून टाकावे. म्हणजे रिची यांनी दिलेली मुखत्यारी तेवढी रद्द करावी.

यावरून पोलकिट त्याज्य ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. 2021 च्या जानेवारीत सूडोमध्येही असाच एक दोष सापडला, आणि तो 2011 पासून तेथे होता. जेथे एका संगणकावर अनेक माणसे काम करतात व प्रत्येकास थोडीथोडी मुभा द्यावयाची असते, तेथे सूक्ष्म भेद जाणणारा मध्यस्थ असणेच हितावह आहे; सर्वांना सूडो देऊन टाकणे हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. एकाच व्यवस्थापकाच्या देखरेखीखालील यंत्रावर मात्र, जसे आपले ते वाचनालयातील यंत्र, त्याच्यावाचून काहीही अडत नाही, आणि वर्षातून एकदा बदलावयाच्या दोन ओळींसाठी चार सेवा अहोरात्र जाग्या ठेवण्याचे प्रयोजनही मला दिसत नाही.

वाचकांना एवढीच विनंती, की ज्यांच्याजवळ लिनक्सचा संगणक आहे त्यांनी काहीही न बदलता आपल्या द्वारपालाची फाइल एकदा उघडून सावकाश वाचावी. लिहिण्याचा हक्क तिच्यावर रूटखेरीज कोणास नसला, तरी वाचण्याची मुभा सामान्यतः सर्वांस असते. त्यासाठी ना सूडो लागते, ना पोलकिट.